शांत मनाचा खेळाडू

द्रोणाचार्यांनी झाडावर ठेवलेल्या लाकडी पक्ष्याची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. झाड दिसेना, फांदी दिसेना, केवळ पक्ष्याचा डोळा तेवढा दिसू लागला, तेव्हाच अर्जुनाचा बाण नेमका लागला. परंतु तो पक्षी जागचा हलत नव्हता, आणि अर्जुनाचे लक्ष उडवावे म्हणून समोर कोणी प्रतिस्पर्धीही उभा नव्हता. टेनिसच्या कोर्टावर याहून अवघड परीक्षा असते. तेथे लक्ष्यच वाऱ्याच्या वेगाने अंगावर धावून येते. सामना दोन दोन, तीन तीन तास चालतो; पण त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो वेळ थोडाच. उरलेला बराचसा वेळ चेंडू गोळा करण्यात, सर्व्हिसच्या तयारीत आणि बाजू बदलण्यात जातो. हात थांबतात, आणि नेमके त्याच वेळी मन धावू लागते. मघाशी चुकलेला फटका त्याला आठवतो. पुढे होऊ घातलेल्या पराभवाचे भय त्याला वाटते. प्रेक्षकांचा गलबला, पंचांचा निर्णय, प्रतिस्पर्ध्याची मुद्रा, यांतील प्रत्येक गोष्ट त्याला आपल्याकडे ओढते. अशा धावत्या मनाला पुन्हा पुन्हा चेंडूवर आणून बसवणे, हीच या खेळातील खरी साधना होय. ही साधना ज्याने आयुष्यभर केली, अशा एका खेळाडूची ही कहाणी आहे. त्याचे नाव आर्थर ॲश.

आर्थरचा जन्म १० जुलै १९४३ रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड या शहरी झाला. त्या काळी तेथे गोऱ्या व कृष्णवर्णीय लोकांमध्ये कायद्यानेच भिंत उभी केलेली होती. दोघांच्या शाळा वेगळ्या, बसगाड्यांतील जागा वेगळ्या आणि खेळण्याची मैदानेही वेगळी. आर्थरचे वडील कृष्णवर्णीयांसाठी राखलेल्या ब्रुकफील्ड नावाच्या उद्यानाचे रखवालदार होते. उद्यानातच त्यांना राहावयास लहानसे घर मिळाले होते. घराच्या अंगणाला लागूनच टेनिसची कोर्टे होती. म्हणून इतर मुले दाराबाहेर पडून रस्त्यावर येत, तेव्हा आर्थर दाराबाहेर पडे तो थेट टेनिसच्या कोर्टावर येई.

आर्थर हाडापेराने अगदी किरकोळ होता. आईने त्याला शाळेत जाण्यापूर्वीच वाचावयास शिकवले होते, आणि पुस्तकांची ती गोडी त्याला जन्मभर पुरली. परंतु १९५० साली, आर्थर अवघा सहा वर्षांचा असताना, आईचे छत्र हरपले. मागे तो आणि त्याचा धाकटा भाऊ, असे दोघे पोरके झाले. वडिलांनी मुलांना मोठ्या शिस्तीने वाढवले. शाळेपासून घरापर्यंत चालत यावयास किती मिनिटे लागतात, हे त्यांनी स्वतः चालून पाहिले होते. त्यापेक्षा अधिक वेळ लागलेला त्यांना खपत नसे. मुले वाईट संगतीला लागू नयेत, कोणा गोऱ्या पोलिसाच्या तावडीत विनाकारण सापडू नयेत, हा धाक त्या बापाच्या मनात अष्टौप्रहर असे. म्हणूनच त्यांची शिस्त कठोर होती. पण तिच्या मुळाशी माया होती.

उद्यानात रॉन चॅरिटी नावाचा एक महाविद्यालयीन विद्यार्थी टेनिस खेळावयास येत असे. कोर्टाच्या कडेला उभे राहून टक लावून पाहणारा तो लहानगा मुलगा त्याच्या नजरेत भरला. त्याने आर्थरच्या हाती रॅकेट दिली आणि खेळाचे पहिले धडे दिले. मुलाच्या अंगी असलेले गुण ओळखून, काही वर्षांनी त्याने आर्थरला लिंचबर्ग गावच्या डॉक्टर रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन यांच्या स्वाधीन केले.

डॉक्टर जॉन्सन हे व्यवसायाने वैद्य होते. पण त्यांचा जीव टेनिसमध्ये होता. त्यांनी आपल्या घराशेजारी कोर्ट बांधले होते. दर उन्हाळ्यात कृष्णवर्णीय मुलामुलींना ते तेथे ठेवून घेत व पदरमोड करून शिकवीत. विंबल्डनची पहिली कृष्णवर्णीय विजेती ॲल्थिया गिब्सन हिलाही त्यांचे मार्गदर्शन लाभले होते. शिष्यांनी कोर्टाची निगा राखावी, तण उपटावे आणि मग खेळावे, असा तेथील परिपाठ होता. नजर चेंडूवर खिळावी म्हणून ते मुलांना रॅकेटऐवजी झाडूच्या दांड्याने चेंडू टोलवावयास लावीत. दांडा किती बारीक असतो! नजर क्षणभर जरी हलली, तरी चेंडू हुकलाच म्हणून समजावे.

प्रारंभी आर्थरला हे नवे गुरू रुचले नाहीत. चॅरिटीने शिकवलेली पद्धत सोडून दुसरी घेण्यास तो तयार होईना. डॉक्टरांनी त्याच्या वडिलांना तसे कळवले. वडील गाडी घेऊन तडक लिंचबर्गला आले. त्यांनी आर्थरपुढे दोनच मार्ग ठेवले. शिकायचे असेल तर डॉक्टर सांगतील तसे शिकावे, नाहीतर आत्ताच्या आत्ता घरी चलावे. आर्थरने क्षणभर विचार केला आणि तो राहिला. त्या दिवसापासून गुरूंच्या शब्दाबाहेर तो गेला नाही.

डॉक्टर जॉन्सन यांचे काही नियम मात्र ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटावेत असे होते. मुलांच्या स्पर्धांत पुष्कळदा पंच नसत. चेंडू रेषेच्या आत पडला की बाहेर, हे खेळाडूंनीच ठरवायचे असे. डॉक्टर सांगत, की प्रतिस्पर्ध्याचा चेंडू रेषेपासून दोन बोटे बाहेर पडला, तरी तो आत पडला असे समजून खेळावे. पंचांशी कधीही वाद घालू नये. रॅकेट आपटू नये. चेहऱ्यावर राग दिसू देऊ नये. जिंकलात तरी सौम्य राहावे, हरलात तरी सौम्य राहावे.

हे नियम कशासाठी? गोऱ्यांच्या स्पर्धांत कृष्णवर्णीय मुलांना मोठ्या मुश्किलीने प्रवेश मिळू लागला होता. त्यांना बाहेर काढण्यासाठी एखादे निमित्तच हवे असे. एका मुलाने रागाने आरडाओरडा केला असता, तर त्याच्या मागून येणाऱ्या सगळ्यांची वाट बंद झाली असती. म्हणजे आर्थरच्या शांतपणाचा उगम अन्यायात होता. इतर मुलांना रागावण्याची मोकळीक होती. त्याला ती नव्हती. ही गोष्ट न्यायाची नव्हे, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु लादलेल्या या बंधनातून आर्थरने पुढे आपले सामर्थ्य घडवले. राग चेहऱ्यावर आणायचा नाही, तर त्याला मनातून लवकर बाहेर घालवला पाहिजे. आणि त्याला बाहेर घालवायचे, तर मनाला दुसरे काम दिले पाहिजे. ते काम म्हणजे पुढचा चेंडू. ही युक्ती त्याला हळूहळू साधू लागली.

रिचमंडमध्ये मात्र त्याच्या वाटेवर दारे बंदच होती. शहरातील चांगली कोर्टे गोऱ्यांसाठी होती. हिवाळ्यात खेळण्याजोगी छपराखालची कोर्टे तर त्याला पाहावयासही मिळत नसत. म्हणून १९६० साली, शालेय शिक्षणाचे शेवटचे वर्ष पुरे करण्यासाठी, तो घर सोडून दूर मिसुरी राज्यातील सेंट लुइस शहरी गेला. डॉक्टरांचे स्नेही रिचर्ड हडलिन या शिक्षकांच्या घरी तो राहिला. तेथील लाकडी तक्तपोशीवर चेंडू फार वेगाने येई, त्यामुळे त्याची सर्व्हिस आणि फटके अधिक धारदार झाले. पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती दिली. १९६३ साली तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघात निवडला गेला. हा मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू होय. खेळाच्या नादात त्याने अभ्यास सोडला नाही. १९६६ साली त्याने पदवी मिळवली आणि नंतर तो सैन्यात दाखल झाला.

१९६८ साली तो सैन्यात लेफ्टनंट होता. त्या वर्षी त्याने प्रथम अमेरिकेची हौशी खेळाडूंची स्पर्धा जिंकली. त्यानंतर काही दिवसांतच न्यूयॉर्कच्या फॉरेस्ट हिल्स येथे अमेरिकेची खुली स्पर्धा भरली. हौशी आणि व्यावसायिक, अशा दोन्ही खेळाडूंना तीत प्रथमच एकत्र खेळता येणार होते. अंतिम सामन्यात हॉलंडच्या टॉम ओकरशी आर्थरची गाठ पडली. पहिला सेटच १४-१२ असा लांबला. सामना पाच सेटपर्यंत गेला. पण आर्थर डगमगला नाही. विजयानंतर त्याचे वडील कोर्टावर आले आणि बापलेकांनी एकमेकांना मिठी मारली. आर्थर हौशी खेळाडू असल्यामुळे विजेत्याचे १४,००० डॉलरचे पारितोषिक नियमाप्रमाणे पराभूत ओकरला मिळाले. विजेत्याच्या हाती केवळ रोजचा भत्ता पडला.

यानंतर त्याचा मार्ग सरळ झाला असेल, असे कोणासही वाटेल. तसे घडले नाही. १९७० साली त्याने ऑस्ट्रेलियाची स्पर्धा जिंकली खरी. परंतु हाताशी आलेले कितीतरी सामने निसटले. १९७२ सालच्या अमेरिकन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रुमानियाच्या इली नस्तासेविरुद्ध तो दोन सेट विरुद्ध एक असा पुढे होता, तरी शेवटी हरला. त्याचे फटके विजेसारखे असत, परंतु खेळता खेळता त्याचे मन मध्येच दूर भटकून येई, आणि हे तो स्वतःही कबूल करी. चेहरा शांत ठेवावयास तो लहानपणीच शिकला होता. आत मन शांत ठेवणे ही त्याहून वेगळी आणि अवघड विद्या होती. ती त्याला अजून पुरती साधली नव्हती.

१९७५ साली तो विंबल्डनच्या अंतिम सामन्यात पोहोचला. त्याचे वय बत्तीस वर्षांना पाच दिवस कमी होते. समोर जिमी कॉनर्स हा बावीस वर्षांचा मागील वर्षाचा विजेता होता. अंतिम सामन्यापर्यंत येताना कॉनर्सने एकही सेट गमावला नव्हता. यापूर्वी दोघे तीन वेळा लढले होते, आणि तिन्ही वेळा कॉनर्सच जिंकला होता. भरीस भर म्हणजे खेळाडूंच्या संघटनेवरून दोघांत वाद होता आणि कॉनर्सने आर्थरवर न्यायालयात दावाही लावला होता. आर्थर जिंकेल असे मानणारे फारच थोडे होते. त्याच्या मित्रांनासुद्धा त्याची काळजी वाटत होती.

आदल्या रात्री मित्रांसमवेत भोजन करताना आर्थरने एक बेत आखला. उपांत्य सामन्यात रॉस्को टॅनर या खेळाडूने कॉनर्सवर अतिशय वेगवान चेंडूंचा मारा केला होता. कॉनर्सने तो वेग उलट त्याच्यावरच परतवला. जितका जोराचा चेंडू येई, तितका त्याचा फटका अधिक भेदक होई. मग त्याला वेग द्यायचाच नाही, असे आर्थरने ठरवले. चेंडू हळू आणि खाली ठेवायचा, तोही त्याच्या फोरहँडकडे. कारण बुटका चेंडू तेथे त्याला अवघड जाई. सर्व्हिस वळवून त्याला कोर्टाबाहेर खेचायचे. तो जाळीजवळ आला, की चेंडू त्याच्या डोक्यावरून मागे टाकायचा.

बेत ऐकावयास सोपा होता, पण आचरावयास अतिशय कठीण होता. आर्थरचा स्वभावच मुळी जोरकस फटके मारण्याचा! धावणाऱ्या घोड्याने चालीवर चालावे, तसे हे होते. हात प्रत्येक चेंडूवर जुनी सवय करू पाहणार, आणि मनाने प्रत्येक चेंडूवर त्याला आवरायचे. एका क्षणाची बेसावधी झाली, तरी चेंडू वेगाने जाणार आणि कॉनर्सला हवे तेच मिळणार.

५ जुलै १९७५ रोजी सामना सुरू झाला. पाहता पाहता आर्थरने पहिला सेट ६-१ असा जिंकला. दुसराही ६-१ असाच जिंकला. प्रेक्षकांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. कॉनर्स चेंडूवर तुटून पडे, आणि चेंडू कधी जाळीत, कधी रेषेबाहेर जाई. बाजू बदलताना खेळाडूंना थोडी विश्रांती मिळते. त्या वेळी एक विलक्षण दृश्य दिसू लागले. हजारो प्रेक्षकांच्या देखत, खुर्चीवर ताठ बसून, आर्थर डोळे मिटून घेई. तो झोपला आहे की काय, अशी पाहणाऱ्याला शंका यावी! तो झोपलेला नसे. होऊन गेलेले फटके तो मनातून पुसून टाकीत असे, आणि पुढच्या खेळासाठी मन स्वच्छ करीत असे. वेळ संपली, की तो डोळे उघडी आणि सावकाश आपल्या जागी जाई.

खरी कसोटी तिसऱ्या सेटमध्ये आली. कॉनर्स हार जाणारा खेळाडू नव्हता. त्याने तो सेट ७-५ असा जिंकला. चौथ्या सेटमध्ये तर त्याने ३-० अशी आघाडी घेतली. वारे फिरले, असे साऱ्यांना वाटले. अशा वेळी माणसाचे मन काय सांगते? बेत फसला, तो टाकून दे. आपला जुना, ओळखीचा, जोराचा खेळ खेळ, असेच ते सांगते. आर्थरपुढेही हा मोह उभा राहिला असला पाहिजे. परंतु त्याने बेत सोडला नाही. बेत चांगला होता. मधे काही गुण गेले म्हणून तो वाईट ठरत नव्हता. त्याने डोळे मिटले, उघडले आणि पुन्हा तोच हळू, तोच बुटका चेंडू टाकावयास प्रारंभ केला. पुढील सात गेमपैकी सहा गेम त्याने जिंकले. शेवटी त्याची वळणारी सर्व्हिस कॉनर्सला कोर्टाबाहेर खेचून गेली, चेंडू दुबळा होऊन परत आला आणि जाळीपाशी उभ्या असलेल्या आर्थरने तो मोकळ्या कोर्टात टाकला. चौथा सेट ६-४ असा संपला. विंबल्डनची पुरुष एकेरी स्पर्धा जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून आर्थर ॲशचे नाव इतिहासात लिहिले गेले. त्याने मित्रांकडे वळून क्षणभर मूठ उंचावली, प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन केले आणि तो पुन्हा पूर्वीसारखा शांत झाला.

असा मनोनिग्रही पुरुष कधी चळलाच नाही, असे सांगितले तर ते खोटे होईल. त्याच वर्षाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे नस्तासेशी त्याचा सामना चालू होता. आर्थर तिसऱ्या सेटमध्ये ४-१ असा पुढे होता. नस्तासे सर्व्हिस करण्यास मुद्दाम विलंब लावू लागला आणि त्याला डिवचू लागला. एकदा, दोनदा, अनेकदा असे झाले. शेवटी आर्थरचा संयम सुटला. तो संतापाने कोर्ट सोडून निघून गेला. प्रथम दोघांनाही बाद ठरवण्यात आले. दुसऱ्या दिवशी मात्र पंचमंडळींनी सामना आर्थरला बहाल केला. ज्याने बालपणापासून राग आवरला, त्याचाही बांध एक दिवस फुटला. यात त्याची थोरवी कमी होत नाही. उलट यावरून एवढेच कळते, की शांतपणा ही एकदा मिळवून पेटीत ठेवण्याची वस्तू नव्हे. ती रोज नव्याने मिळवावी लागते.

मनाची ही शिकवण आर्थरने कोर्टाबाहेरही उपयोगात आणली. दक्षिण आफ्रिकेच्या वंशभेदी सरकारने त्याला अनेकदा प्रवेश नाकारला होता. त्याने पुन्हा पुन्हा अर्ज केले. १९७३ साली परवानगी मिळाली, तेव्हा आपल्या सामन्यांना प्रेक्षकांना वर्णावरून वेगळे बसवू नये, अशी अट त्याने घातली. त्या देशात जाऊच नये, असे म्हणणारे त्याचे टीकाकार पुष्कळ होते. त्याने टीका ऐकून घेतली आणि त्याला योग्य वाटले ते केले. पुढे त्या राजवटीवर बहिष्कार घालावा, या मताचा त्याने हिरिरीने पुरस्कार केला. १९८५ साली वॉशिंग्टन येथील दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीसमोर निदर्शने करताना त्याने अटकही पत्करली. गरीब वस्तीतील मुलांना टेनिस शिकता यावे, म्हणून १९६९ सालीच त्याने मित्रांच्या साहाय्याने एक संस्था सुरू केली होती.

१९७९ साली, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, त्याला हृदयविकाराचा झटका आला. शस्त्रक्रिया झाली आणि १९८० साली त्याने खेळातून निवृत्ती घेतली. मग तो अमेरिकेच्या डेव्हिस चषक संघाचा कर्णधार झाला. १९८१ व १९८२ साली त्या संघाने चषक जिंकला. कृष्णवर्णीय खेळाडूंचा समग्र इतिहास कोठेच लिहिलेला नाही, हे त्याच्या ध्यानी आले, तेव्हा अनेक वर्षे खपून त्याने तो तीन खंडांत सिद्ध केला. हे खंड १९८८ साली प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दैवाने त्याच्यावर मोठा आघात केला. एके दिवशी त्याचा उजवा हात, ज्या हाताने त्याने रॅकेट धरली तो हात, लुळा पडला. तपासणीअंती कळले, की त्याला एड्स हा त्या काळी असाध्य असलेला रोग झाला आहे. १९८३ साली हृदयाच्या दुसऱ्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याला जे रक्त दिले गेले, त्यातून रोगाचे विषाणू त्याच्या शरीरात आले होते. त्या काळी या रोगाविषयी लोकांत अज्ञान होते, आणि रोग्याला समाज दूर लोटीत असे. घरात लहान मुलगी होती. तिच्या भल्यासाठी आर्थरने ही गोष्ट गुप्त ठेवली. परंतु १९९२ साली एका वृत्तपत्राला तिचा सुगावा लागला. तेव्हा ८ एप्रिल १९९२ रोजी आर्थरने स्वतःच पत्रकारांना बोलावून सत्य सांगितले. हजारो प्रेक्षकांसमोर ज्याच्या चेहऱ्यावरची रेषा हलत नसे, तो आर्थर मुलीचा उल्लेख येताच गहिवरला. त्याला पुढे वाचवेना. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीने, जीनने, त्याच्या हातातील कागद घेऊन पुढील मजकूर वाचला. थोड्या वेळाने आर्थरने स्वतःला सावरले आणि उरलेले निवेदन पुरे केले.

त्यानंतरचे त्याचे आयुष्य दहा महिन्यांचेच होते. हे त्याला पूर्णपणे ठाऊक नसले, तरी दिवस थोडे आहेत, हे तो जाणून होता. अशा माणसाने मागच्या दुर्दैवाचा शोक करावा, पुढच्या मृत्यूचे भय बाळगावे, तर त्यात नवल नव्हते. पण मन मागे आणि पुढे धावू लागले असता त्याला हातातील कामावर आणण्याची विद्या तो जन्मभर शिकत आला होता. त्याने रोगाच्या संशोधनासाठी निधी उभारला. हैती देशातून आलेल्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवीत होती. त्याविरुद्ध निदर्शने करून तो पुन्हा एकदा अटकेत गेला. १ डिसेंबर १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सभेपुढे उभे राहून त्याने जगाला या रोगाकडे लक्ष देण्याची विनंती केली. रोज थोडे थोडे लिहून आपले आत्मकथन त्याने पुरे करीत आणले. ६ फेब्रुवारी १९९३ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, न्यूयॉर्क येथे त्याने जगाचा निरोप घेतला.

न्यूयॉर्क येथील अमेरिकन स्पर्धेच्या मुख्य क्रीडागाराला १९९७ सालापासून त्याचे नाव आहे. परंतु त्याहून अर्थपूर्ण स्मारक त्याच्या जन्मगावी आहे. रिचमंडमधील एका राजरस्त्यावर, गुलामगिरी टिकावी म्हणून लढलेल्या पक्षाच्या सेनापतींचे पुतळे ओळीने उभे होते. १९९६ साली, आर्थरच्या जन्मदिनी, त्याच रस्त्यावर त्याचाही पुतळा उभा राहिला. पुढे २०२० आणि २०२१ साली ते सेनापतींचे पुतळे तेथून काढण्यात आले; आर्थरचा पुतळा मात्र तेथेच राहिला. ज्या शहराने एका मुलाला आपल्या कोर्टांवर पाऊल ठेवू दिले नाही, त्याच शहराच्या भर रस्त्यावर तो मुलगा आज मानाने उभा आहे. त्याच्या एका हातात रॅकेट आहे, दुसऱ्या हातात पुस्तके आहेत आणि भोवती त्याच्याकडे मान वर करून पाहणारी मुले आहेत.

आपणांपैकी फार थोडे जण टेनिस खेळतील. पण परीक्षेच्या दालनात पहिला प्रश्न चुकल्याची रुखरुख दुसरा प्रश्न सोडवू देत नाही, हा अनुभव कोणास नाही? अशा वेळी विंबल्डनच्या हिरवळीवर, चौथ्या सेटमध्ये तीन गेमनी मागे पडलेला तो खेळाडू आठवावा. त्याने क्षणभर डोळे मिटले, झाले गेले तेथेच ठेवले आणि पुढचा चेंडू हाती घेतला.